कोकणातल्या घरात वाचनाची सवय: लावायची कशी, टिकवायची कशी

शाळा सुटली आणि पुस्तकही सुटलं, असं आपल्याकडे घराघरात होतं. मग चाळिशीच्या आसपास कधीतरी वाटायला लागतं की पुन्हा वाचायला हवं. निदान पोरांनी तरी वाचावं. हुरूप येतो, दोन पुस्तकं आणली जातात, आणि गणपतीची साफसफाई करताना ती टीव्हीखालच्या कप्प्यात तशीच सापडतात. हा लेख अशा घरांसाठी आहे. मी देवगड तालुक्यातली. घर, कलमांची बाग आणि छोटं दुकान सांभाळून मी वाचायला परत लागले, आणि आता आमच्या वाडीतली काही मंडळीही वाचतात. त्या वाटेवर जे कळलं ते इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘रोज एक तास वाचा, महिन्याला चार पुस्तकं संपवा’ हे सल्ले ज्यांचे बारा महिने सारखे जातात त्यांच्यासाठी असतात. आपले तसे जात नाहीत. लावणी आहे, गणपती आहेत, मोहोराची फवारणी आहे, शिमगा आहे, आंबा आहे. वाचनात खंड पडणारच. तो पडणार हे धरूनच आखणी करायची, आणि खंडानंतर परत कसं यायचं हे आधी ठरवून ठेवायचं. ज्यांची सवय टिकली त्यांनी एवढंच वेगळं केलेलं मी पाहिलं आहे.

काय काय लागेल

- वाचनालयाचं सभासदत्व. त्यासाठी आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, एक-दोन फोटो, अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याची वर्गणी
- शंभर पानी वही आणि पेन
- चार्ज होणारा दिवा (पावसात लाइट जाते तेव्हा मोबाईलच्या टॉर्चवर वाचू नका, बॅटरीही जाते आणि डोळेही दुखतात)
- पुस्तक ने-आण करायला कापडी पिशवी, आणि पावसाळ्यात तिच्या आत घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी
- वय चाळिशीपुढे असेल तर चष्मा

१. आधी डोळे तपासून घ्या

‘वाचायला बसलं की झोप येते’, ‘दोन पानांत डोकं जड होतं’ अशी तक्रार करणाऱ्यांना मी पहिला प्रश्न चष्म्याचा विचारते. चाळिशीनंतर जवळचं स्पष्ट दिसणं हळूहळू कमी होतं. ते इतकं सावकाश होतं की माणसाला वाटतं आपली आवडच गेली. लांबचं नीट दिसतं म्हणून कुणी तपासायला जात नाही. शेतात, बागेत, होडीवर काम करणाऱ्याला बारीक अक्षर बघायची वेळच येत नाही, तेव्हा लक्षात यायला आणखी उशीर होतो. पुस्तक हात लांब करून धरावं लागत असेल, तर तालुक्याला जाल तेव्हा तपासून घ्या. बाजारात टांगलेला तयार चष्मा उचलू नका. दोन डोळ्यांचा नंबर बऱ्याचदा वेगळा असतो.

आमच्या शेजारच्या काकी कित्येक वर्षं ‘माका वाचूचा जमणा नाय’ म्हणायच्या. चष्मा आल्यावर पंचांगापासून सुरुवात झाली, आणि आता वाचनालयाचं पुस्तक आधी त्यांच्याकडे जातं.

२. वाचनालयाचे सभासद व्हा, पुस्तकं विकत घेण्याची घाई नको

वाचनालयं ही कोकणाची जुनी मिळकत आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांचं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र १८३२ साली काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ‘वाचन हे शहरातल्या लोकांचं काम’ असं कुणी म्हणालं की मी या दोन गोष्टी सांगते.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि शासनाचं अनुदान मिळतं. गावातलं वाचनालय बहुधा क किंवा ड वर्गातलं असेल, म्हणजे पुस्तकं कमी आणि उघडण्याची वेळ थोडी. तालुक्याच्या ठिकाणचं सहसा मोठं असतं. माझा सल्ला असा: वर्गणी परवडत असेल तर दोन्हीकडे नाव घाला. गावातलं रोजच्यासाठी, तालुक्याचं महिन्यातून एकदा बाजाराला जाल तेव्हासाठी.

नाव घालताना हे विचारून घ्या:

- एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि किती दिवसांसाठी?
- उशीर झाला तर दंड किती? फोन करून मुदत वाढवता येते का?
- दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी आहे का?
- सुट्टीचा वार कोणता, आणि संध्याकाळी नेमकं किती वाजेपर्यंत उघडं असतं?
- बालविभाग आहे का, मुलांचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं का?

अनामतीची पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ती रक्कम परत मिळणारी असते, पण पावती हरवली की फेऱ्या माराव्या लागतात. पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ पावती रेशनकार्डाच्या पिशवीतच टाका.

ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. ‘चांगलं पुस्तक द्या’ असं म्हणू नका, त्यावर कुणी काय देणार? ‘मला समुद्रावरचं, माणसांच्या स्वभावाचं, दोनशे पानांच्या आतलं हवं’ असं सांगा. कपाटं सभासदांना खुली असतील तर स्वतः उभं राहून चाळा. नुसती यादी दाखवत असतील तर एकदा आत जाऊ देता का, असं विचारा. बहुतेक जण देतात.

३. पहिलं पुस्तक हलकं निवडा

नव्याने सुरुवात करणारे हमखास मोठी ऐतिहासिक कादंबरी उचलतात. सगळ्यांनी नाव ऐकलेलं असतं, जाडी बघून अभिमानही वाटतो. साठाव्या पानावर ती थांबते, आणि माणूस ठरवून टाकतो की आपल्याला वाचन जमत नाही.

सुरुवातीला कथासंग्रह घ्या, नाहीतर ललित लेखांचं पुस्तक. एक कथा एका बैठकीत संपते आणि काहीतरी पुरं केल्याचं समाधान मिळतं. ते समाधान सुरुवातीला फार लागतं. किंवा आपल्या कामाचं पुस्तक घ्या: मसाला पिकं, मासे, जुने किल्ले, घरगुती औषधं, आपल्या जिल्ह्याचा इतिहास. आवडीच्या विषयात माणूस अवघड वाक्यसुद्धा दोनदा वाचतो.

दिवाळी अंक हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची ही चैन चालू आहे. एका अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं सगळं असतं. जे नको ते सोडता येतं. मागच्या वर्षीचे अंक वाचनालयात सहज मिळतात, कारण सगळ्यांना नवे हवे असतात. कथा मागच्या वर्षीची आहे म्हणून शिळी होत नाही.

पुस्तक घ्यायच्या आधी मधलं कुठलंही पान उघडून दोन पानं उभ्यानेच वाचा. तिसरं पान उलटावंसं वाटलं तरच घरी न्या. घरी आणल्यावरही तीस पानांत मन लागलं नाही तर परत करा. पुस्तक अर्धं सोडणं हा गुन्हा नाही. पुढच्यांदा मात्र दुसऱ्या प्रकारचं घ्या, त्याच लेखकाचं दुसरं नको.

प्रदर्शनातले संच, ‘पन्नास टक्के सवलत’, ‘दहा पुस्तकं अमुक रुपयांत’ यांपासून पहिलं वर्ष लांब राहा. आपली आवड कळायच्या आधी घेतलेली पुस्तकं वाळवीला जातात.

४. तासाचा हिशेब सोडा, पानांचा धरा

दिवसाला दहा पानं. यापेक्षा जास्त ठरवू नका. वर्षातले पासष्ट दिवस वाया गेले असं धरलं तरी तीनशे दिवसांची तीन हजार पानं होतात, म्हणजे दोनशे पानांची पंधरा पुस्तकं.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा एखाद्या कामाला जोडा. दिवा लावून झाला की, दुपारची भांडी झाली की, दुकानाचं शटर अर्धं ओढलं की. ते काम रोज होतं, म्हणून वाचनाची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. त्या दहा पानांपुरता मोबाईल माजघरात चार्जिंगला लावा. हाताशी असेल तर वाचून होणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

जागाही एकच ठेवा. झोपाळा, पडवीतला बाक, खिडकीजवळची खुर्ची, काहीही चालेल. अंथरुणावर मात्र नको, दिवसभर राबलेलं शरीर तिथे तिसऱ्या ओळीला झोपतं.

५. वर्षाची आखणी आपल्या हंगामाप्रमाणे करा

एक कॅलेंडर घ्या आणि ज्या महिन्यांत वाचन होणारच नाही ते आधी खोडून टाका. बागायतदाराच्या घरात एप्रिल आणि मे गेलेच. पहाटे झाडावर, दुपारी पेट्या भरायच्या, रात्री गाडी लावून द्यायची, त्यात घर चाकरमान्यांनी आणि त्यांच्या पोरांनी भरलेलं. या दोन महिन्यांसाठी ध्येय एका कवितेचं किंवा एका पानाचं ठेवा, आणि तेही झालं नाही तर मनाला लावून घेऊ नका. शेती असेल तर तरवा काढून लावणी होईपर्यंतचे दिवसही असेच. मासेमारीच्या घरात नेमकं उलट आहे. जून-जुलैत बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणता विणता पुरुष घरी बसलेले असतात. वर्षातलं सगळ्यात मोठं पुस्तक तेव्हा काढावं.

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि विसर्जनापर्यंतचे दिवस सगळ्यांनीच सोडून द्यावेत. दिवाळीनंतर ते मोहोराची धावपळ वाढेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. थंडी असते, कामं बेताची असतात, नवे अंक आलेले असतात.

मग जे महिने उरतात त्यांत पुस्तकं मांडा. पहिल्या वर्षी सहा पुस्तकं पुरे.

६. श्रावणातल्या पोथीकडून शिका

आपल्याकडे श्रावणात घराघरात पोथी लागते. ज्यांना कुणी ‘वाचक’ म्हणणार नाही अशी माणसं महिनाभर रोज वाचतात किंवा ऐकतात, एक दिवस चुकत नाही. हे कसं जमतं याचा मी पुष्कळ विचार केला. वेळ ठरलेली असते. रोजचा अध्याय ठरलेला असतो, कमी नाही की जास्त नाही. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात, म्हणून न वाचता येणारी आजीही त्यात असते. शेवटचा दिवस ठाऊक असतो आणि समाप्तीला सगळ्यांना प्रसाद मिळतो.

हीच रीत आम्ही वाडीत गोष्टींच्या पुस्तकांना लावली. आठवड्यातून एक संध्याकाळ, पडवी एकीची, चहा दुसरीचा. एकाने कथा मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी हातातलं काम सोडायची गरज नाही. कुणी अळू चिरतं, कुणी सोलं निवडतं, कुणी गोधडीला टाके घालतं. कथा एका बैठकीत संपणारीच निवडावी, वाचणारा दर वेळी बदलावा. अडखळत वाचणाऱ्याला मधेच सुधारू नये, शब्द अडला तर त्याने विचारल्यावरच सांगावा. पहिल्यांदा तिघीच असाल, तरी चालू करा. ‘मंडळ’ स्थापन करू नका, अध्यक्ष-सचिव निवडायला लागलात की वाचन मागे पडतं.

७. मुलांना वाचून दाखवा, परीक्षा घेऊ नका

पोरगं पुस्तक मिटतंय तोच ‘काय कळलं सांग, तात्पर्य काय?’ हे विचारणं बंद करा. शाळेत ते रोज होतंच. घरी गोष्ट नुसती गोष्ट राहू द्या.

आपल्या मुलांची एक अडचण शहरातल्यांना कळत नाही. घरात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. पहिली-दुसरीच्या मुलाला ‘गेला होता’ आणि ‘गेल्लो’ यांतलं अंतर पार करायला वेळ लागतो, आणि त्याला वाटतं आपण चुकतोय. म्हणून वाचताना पुस्तकाची भाषा, आणि गोष्ट परत सांगताना घरची. आमच्या शेजारी एक तिसरीतला मुलगा संध्याकाळी आजीला वाचून दाखवतो. आजीला अक्षरओळख नाही. वाघाची गोष्ट चालली होती, तो मधेच थांबला, तर आजी म्हणाली, “मगे? फुडे काय झाला?” तो म्हणाला, “थांब गे, शब्द वाचतंय.” बोट ‘कडेलोट’ या शब्दावर टेकवून त्याने तो तीनदा तुकड्या-तुकड्यांनी म्हटला आणि मग मालवणीत आजीला समजावून दिला. असा ऐकणारा ज्या मुलाला मिळेल, त्याला वेगळ्या प्रोत्साहनाची गरज नाही. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना हे काम द्या.

पुस्तकांची सोय: बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात. लहान मुलांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत. मोठ्यांसाठी मराठी विश्वकोश आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. घरी रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर एकदम उतरवून ठेवा.

१५ ऑक्टोबरला शाळेत वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी मुलाच्या हातात जे पुस्तक असेल ते घरी आणू द्यायला शिक्षकांना विनंती करा. तासाभराच्या कार्यक्रमात अर्धी राहिलेली गोष्ट घरी पुरी होते.

८. वही, आणि खंडानंतर परत येणं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: तारीख, पान, आणि एक ओळ. ओळ सुंदर असायची गरज नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘पान ४२. थोरल्या सुनेने पत्र पीठाच्या डब्यात लपवलं. कुणाचं?’ ही ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून आंब्याची गडबड सुरू झाली. पुढे पावसात वही उघडली तेव्हा त्या ‘कुणाचं?’ने मला सरळ त्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. म्हणून वाचन थांबवताना शेवटी एक प्रश्न लिहून ठेवा.

परत येताना:

- राहिलेल्या दिवसांची पानं भरून काढायची नाहीत. पन्नास दिवसांची पाचशे पानं डोक्यावर घेतलीत तर पुस्तकाला हातच लावणार नाही. मागचं सोडून द्या, आज दहा पानं.
- जुनं पुस्तक हातात घ्यायला जड वाटत असेल तर आधी एक छोटी कथा वाचा, मग त्याकडे वळा.
- जिथे थांबलात त्याच्या आधीची दोन-तीन पानं पुन्हा वाचा.
- पहिला आठवडा पाच पानं चालतील.
- परत कधी सुरू करायचं तो दिवस खंड पडायच्या आधीच लिहून ठेवा: ‘विसर्जनानंतरचा सोमवार’, ‘शेवटची पेटी गेल्यानंतरचा रविवार’. तारखेपेक्षा असा दिवस बरा, कारण हंगाम तारखेप्रमाणे संपत नाही.

वाडीतली एक सून याच वहीच्या पद्धतीने राहिलेली बारावी बाहेरून देते आहे. तिच्या वहीत गोष्टीऐवजी धड्याचं नाव असतं, बाकी सगळं तेच. शिवणकाम, संगणक, हार्मोनियम, जे काही मधेच सुटलेलं पुन्हा धरायचं असेल त्याला हे लागू पडतं.

९. पावसाळ्यात पुस्तकं जपणं

पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका. आतल्या भिंतीजवळ लोखंडी कपाट, जमिनीपासून वीतभर वर, पुस्तकं एकमेकांना घट्ट न लावता. सिलिका जेलची पाकिटं ठेवा, औषधांच्या आणि नव्या चपलांच्या खोक्यांतून येतात ती साठवा. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच घाला, ओला घातला तर ओल वाढते. डांबरगोळ्या वापरल्यात तर मुलांच्या हाताबाहेर ठेवा. दमट पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर आत बुरशी धरते. आधी वाळवा, मग बंद करा.

बुरशी आलीच तर नाकाला फडकं बांधून, अंगणात, कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं फिरवू नका. नंतर सावलीत वाऱ्याला ठेवा. पुस्तक भिजलं तर ते उभं, पानं पसरून पंख्याखाली ठेवा आणि थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद घाला. इस्त्री फिरवू नका. वाचनालयाचं असेल तर गुपचूप परत करू नका, काय झालं ते सांगा. दुरुस्ती लवकर झाली तर पुस्तक वाचतं.

१०. वर्ष संपताना

काही वाचनालयं वर्षातून एकदा मोजणीसाठी सगळी पुस्तकं परत मागवतात. ते दिवस विचारून घ्या आणि त्याआधी वहीत पुढच्या तीन पुस्तकांची नावं लिहून ठेवा. वर्गणी थकली असेल तर आंब्याचे पैसे हातात येताच पुढच्या वर्षाची एकदम भरून टाका. वाचून झालेली स्वतःची पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील तर आधी यादी दाखवा. त्यांच्याकडे एखाद्या पुस्तकाच्या चार प्रती असतील तर ते अंगणवाडीला किंवा वाडीतल्या दुसऱ्या घराला जास्त उपयोगी पडेल.